बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

मुन्शी दस्तगीरमियां, कुणी माणूस भेटला की, त्याचं नाव विचारायचे नाहीत, गाव विचारायचे नाहीत, जात तर नाहीच नाही. "तुमचा बाजार कवाचा?" हा त्यांचा पहिला प्रश्न. समोरचा गांगरून "मंगळवारचा जी" म्हणाला की ते मान हलवायचे, आणि तो माणूस त्यांच्या लेखी कायमचा मंगळवारवाला व्हायचा. मलाही त्यांनी हेच विचारलं. मी कचेरीच्या दारात लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत असे. म्हटलं, "आमचा बाजार इथंच, रोजच." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "म्हंजे तुमी रोजवाले. तुमचं काय खरं न्हाई, पंत."

आमचं गाव मोगलाईच्या, म्हणजे निजामी मुलखाच्या, अगदी काठावर. कोसभर गेलं की ओढा लागायचा आणि ओढ्यापलीकडे इंग्रजी हद्द. दोन्हीकडच्या म्हशी त्याच पाण्यात डुंबायच्या आणि सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या अल्याडपल्याड होत आलेल्या. पुढं पुण्या-नगराकडे गाठीच्या तापानं माणसं मरायला लागली तेव्हा दोन्ही सरकारांना एकदम जाग आली. परवान्याशिवाय ओढा ओलांडायचा नाही असा हुकूम निघाला. म्हशींना माफी होती. तहसीलशेजारच्या जुन्या सराईत परवान्याची कचेरी उघडली. आधी डाक्तरनं काखा-जांघा चाचपून गाठ नाही असं म्हणायचं, मग मुन्शीनं परवाना लिहायचा. डाक्तर एक, मुन्शी एक आणि दारात सगळा तालुका.

ती गर्दी आठवली की मला अजून घाम फुटतो. लेकीबाळींना माहेरपणाला आणायला निघालेले बाप, गिरणीत कामाला चाललेले तरणे, मेंढरं पलीकडं नेणारे धनगर, मयताला निघालेली आणि मयताचा तेरावा उलटला तरी इथंच बसलेली माणसं. भाकरीची गाठोडी उशाला घेऊन तिथंच मुक्काम. ज्याचं कोपर दणकट तो पुढं. बायामाणसं भिंतीला लागून उभी, त्यांच्यापर्यंत बारी यायचीच नाही.

दस्तगीरमियांच्या आधीचे मुन्शी लोकांना तारीख देत, नाही असं नाही. पण ती सरकारी तारीख, सरकारी महिन्याची. "बीस आबान को हाजिर होना." आता आबान हा महिना आहे हे सरकारला ठाऊक, मुन्शीला ठाऊक आणि पोटासाठी मला ठाऊक. पिंपळवाडीचा एक म्हातारा, तुकाराम नाव त्याचं, हे ऐकून गेला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं येऊन बसला. चेहरा रडवेला. म्हणाला, "सारा मोमीनपुरा पालथा घातला, पंत. आबानमियां म्हनून कुनीच न्हाई तितं. आन्‌ त्याच्याकडनं वीस काय घ्यायचे, त्ये बी मुन्शीनं सांगितलं न्हाई." मी हसलो. लिंबाखाली बसलेले सगळेच हसले. म्हातारा मात्र पलीकडच्या आजारी भावाला भेटायला निघाला होता आणि त्याचा तो महिना आबानमियांना शोधण्यात गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी परळीकडून बदलून दस्तगीरमियां आले. मेंदीनं तांबडी झालेली दाढी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी, तीही चैत्राच्या उन्हात. माणूस चिडका. त्यांच्या बोलण्यात कुणी मध्ये बोललं की लेखणी खाली ठेवून त्याच्याकडे एकटक बघत राहायचे, तो गप्प होईपर्यंत. अक्षराचा तर असा गर्व की एखादा परवाना मनासारखा उतरला की माझ्यापुढं धरून म्हणायचे, "माझा नून बघा, पंत. टिंब कसं बसलंय, खोप्यात अंडं." नून म्हणजे उर्दूतला न. मला उर्दू लिहिता यायचं, पण इतकं नाही. मी म्हणायचो, "अंडं आहे खरं, पण उबवणार कोण?" मग दिवसभर माझ्याशी बोलायचे नाहीत.

बाजाराचा मात्र त्यांना विलक्षण नाद. तालुक्यात ज्या गावी ज्या वारी बाजार, तिथं सुट्टी मिळाली की निघालेच. घ्यायचं काहीच नाही. हुरड्याच्या, मिरच्यांच्या, घोंगड्यांच्या ओळींतून हात मागे बांधून फिरायचे, भाव विचारायचे, "लई म्हाग करून ठिवलंय बे" असं एखाद्या ओळखीच्याला सुनवायचे आणि रिकाम्या हातानं परत. घरी बीबी विचारायची, गेला होता कशाला. ते म्हणायचे, मंगळवार बघायला.

आल्या आल्या त्यांनी काही दिवस नुसतं दारात बसून लोकांना त्यांचा बाजार विचारला. मला वाटलं, एक खूळ गेलं आणि दुसरं आलं. एका सकाळी सराईच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "आजपासून तारीख न्हाई. ज्या गावचा जवा बाजार, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गावची बारी. मंगळवारवाले बुधवारी, बुधवारवाले बेस्तरवारी. सकाळी न्याहारीची बारी, मंग भाकरीची बारी, आन्‌ गुरं वळायच्या टायमाला तिसरी. आपली बारी सोडून कुनी इथं दिसायचं न्हाई."

एवढंच. कागद नाही, शिक्का नाही. कारण बाजार कुणी चुकत नाही. मीठ-मिरची संपते, दाणे विकायचे असतात, पाहुण्यांचा निरोप तिथंच मिळतो. खेड्यातल्या माणसाला तिथी चुकेल, सरकारी महिना तर आयुष्यभर कळणार नाही, पण आपला बाजार काल होता की उद्या आहे हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. मला हे आधी सुचलं नाही याचा मला राग आला. इतकी वर्षं मी त्याच लोकांचे अर्ज लिहीत होतो.

तहसीलदारसाहेबांनी मियांना बोलावून घेतलं. सरकारी दफ्तरात वारानं कामं चालत नाहीत, असं ते म्हणाले. साहेब मनाचे वाईट नव्हते, पण वरच्यांना भ्यायचे. दस्तगीरमियां खाली मान घालून म्हणाले, "हुजूर, तारीख सरकारची, वार रयतेचा. मी दफ्तरात तारीखच लिहीन. रयतेला वार सांगंन. दोघांचं बी भागंल." साहेबांनी हातानंच जा म्हटलं. पुढं हे वाक्य मियांनी इतक्यांदा म्हटलं की लिंबावरचे कावळेसुद्धा ते म्हणू शकले असते.

आणि गर्दी खरंच ओसरली. न्याहारीच्या बारीला ओट्यावर पंचवीस-तीस माणसं, भाकरीच्या बारीला तेवढीच. बाया पुढं यायला लागल्या. तुकाराम म्हातारा त्याच सुमाराला परवाना घेऊन पलीकडं गेला, तोवर भाऊ गेला होता. परत आल्यावर तो मियांच्या पाया पडला. मियां एकदम चिडले. "भाऊ ग्येला तुजा, आन्‌ पाया कावून पडतो? ऊठ." आपण उशिरा आलो, हे त्यांच्या मनात राहून राहून येत असावं.

एकदा वडगावचे देशमुख घोड्यावरून आले. बरोबर दोन माणसं, पलीकडं लग्नाला जायचं होतं. मियांनी लेखणी न थांबवता विचारलं, "तुमचा बाजार कवाचा?" देशमुखांनी उत्तर दिलं नाही. मियांनीच दिलं. "शुक्रवारचा. आज सोमवार. मालक, शनिवारी या, न्याहारीच्या बारीला." देशमुख घोडं वळवून शेजारी तहसीलदारांकडे गेले आणि चहा संपायच्या आत परवाना घेऊन बाहेर पडले. परवाना लिहायला मियांनाच आत बोलावलं होतं. परत येऊन ते जागेवर बसले. मी म्हणालो, "झालं ना मियां? मोठ्यांना रोजच बाजार." ते म्हणाले, "एक गेला तर जाऊ द्या. बाकीचे तर बारीनं उभे हायेत ना." पण त्या दिवशी त्यांनी कुणालाच आपला नून दाखवला नाही.

मी एकदा चेष्टेनं म्हणालो होतो, तापाचं सावट इकडं आलं आणि बाजार बंद झाले तर तुमच्या बारीचं काय? ते खरोखर हसले होते. "बाजार बंद पडत न्हाई, पंत. सरकार बंद पडंल एकांदवेळी. बाजार न्हाई." मलाही ते पटलं होतं.

ताप आला तो उंदरांतून. आधी पेठेत उंदीर पडले, मग पिंपळवाडीत, मग वडगावात. दवंडी पिटून सगळे बाजार बंद झाले. लोकांनी गावं सोडून रानात झोपड्या घातल्या. ज्यांच्या घरात मयत झालं त्यांची दारं उघडीच राहिली, कारण परत जाऊन ओढून घ्यायला कुणी धजावत नव्हतं. आता पलीकडं जायची घाई सगळ्यांनाच होती आणि परवान्याला तपासणी आणखी कडक झाली. आमच्या कचेरीचा मात्र घोटाळा सुरू झाला. बुधवारवाले शनिवारी येऊ लागले. सोमवारवाले आलेच नाहीत आणि एक दिवस सगळे मिळून आले. रानात एकेकटी राहणारी माणसं, कुणाचा कुणाशी संबंध नाही. कुणी म्हणायचं आज गुरुवार, कुणी म्हणायचं छे, अजून मंगळवार उजाडायचा आहे. आणि दोघंही शपथेवर सांगायचे.

याच्या थोडं आधी, पेठेत नुकते उंदीर पडायला लागले होते तेव्हा, सोजरबाई येऊन गेली होती. धनगराची बाई, सावरगावच्या माळावर मेंढरांच्या वाड्याशी राहणारी. नवरा मागं वारलेला. एकुलती लेक पारू ओढ्यापलीकडं दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. रीतीप्रमाणं लेकीनं बाळंतपणाला आईकडं यायचं, पण इकडं ताप, मग कसं आणणार? आणि पारूच्या घरात सासू नाही, नणंद नाही, दुसरं बाईमाणूसच नाही. जावई निरोपावर निरोप धाडत होता. सोजरबाई म्हणाली, "मी ग्येले तर पोर निभंल, जी. न्हाई तर तिला तितं धरायला कुनी न्हाई."

त्या दिवशी डाक्तर ओढ्यावरच्या नाक्यावर गेला होता. मियांनी तिला पुढची बारी दिली. मंगळवारच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, न्याहारीला. तिनं ते दोनदा म्हणून घेतलं. तेव्हा बाजार चालू होते.

बुधवारी न्याहारीची बारी आली आणि गेली. मियां मधून मधून माळाच्या वाटेकडं बघत होते. भाकरीची बारी झाली, तिसरी झाली. जाताना डाक्तरला त्यांनी थांबवून धरलं, तो वैतागून गेला. सावरगावच्या वाटेला कुणाला धाडावं तर तिकडं जायला कुणी तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वरून हुकूम आला. हद्द बंद. दिलेले परवानेही रद्द.

शुक्रवारी सकाळी सोजरबाई आली. लुगडं धुतलेलं, डोक्यावर बोचकं, त्यात लेकीसाठी डिंक, अळीव आणि बाळाला एक लहानसं घोंगडं. ओट्याशी येऊन म्हणाली, "न्याहारीच्या बारीला आले, जी."

मियां म्हणाले, "तुजी बारी बुधवारी व्हती, बाई. आज शुक्कीरवार."

तिला ते कळेना. "मी रोज माळावरनं वाटंकडं बगत व्हते, जी. सावरगावच्या वाटंनं बाजाराला कुनीच ग्येलं न्हाई. मंग मंगळवार कसा झाला?"

तिचं काही चुकलं नव्हतं. तिला मंगळवार कळायचा तो बैलगाड्यांच्या धुरळ्यावरून आणि डोक्यावर पाट्या घेऊन निघालेल्या बायांवरून. धुरळा उडाला नाही, म्हणून मंगळवार आला नाही. यावेळी मंगळवार जरा लांबला असेल असं समजून ती बसून राहिली होती. शेवटी लेकीच्या काळजीनं जीव राहीना, म्हणून बाजाराची वाट न बघताच निघून आली होती.

मियां उठले आणि तहसीलदारांकडे गेले. आत काय झालं ते मला ठाऊक नाही. एवढं खरं की त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. बाहेर येऊन त्यांनी परवाना लिहिला, त्यावर बुधवारची तारीख घातली आणि सोजरबाईला घेऊन स्वतः ओढ्यावर गेले. मीही मागोमाग गेलो. नाक्यावरच्या जमादारानं कागद बघितला, परत दिला. "मुन्शीजी, परवाना बुधवारचा असू द्या न्हाई तर मागल्या सालचा. हद्द बंद हाय. आमी सोडलं तरी पलीकडचे आत घेनार न्हाईत." पलीकडचे शिपाई बंदुका घेऊन उभे होतेच. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. सोजरबाईनं मियांकडं बघितलं. मियांनी जमादाराचे हात धरले. तो म्हणाला, "माजी बी लेकरं हायेत, जी." कुणावर रागवायचं तेच कळेना, म्हणून मी स्वतःवरच चरफडत परत आलो.

त्यानंतर मियांनी वाराची दवंडी सुरू केली. हलगीवाल्या सटव्याला पदरचं द्यायचे आणि गावोगाव पाठवायचे. "आज रविवार हो," "आज सोमवार हो," अशी दवंडी. मी म्हणालो, हद्दच बंद आहे तर वार कळून लोकांनी काय करायचं? ते म्हणाले, "हद्द उद्या उगडंल, पंत. तवा वार ठावा नसला तर पुन्यांदा हेच व्हईल." सटव्या सांगायचा की गावात कुत्र्यांशिवाय ऐकायला कुणी नसतं, आणि झोपड्यांपर्यंत हलगीचा आवाज पोचत नाही. तरी ते त्याला पाठवत राहिले. मग सटव्याच्याच बायकोला ताप भरला आणि तो यायचा बंद झाला. हद्द काही उघडली नाही.

सोजरबाई माळावर परत गेली नाही. लिंबाखालीच राहिली. हद्द उघडली की पहिली आपण, असं तिनं धरून ठेवलं होतं. मियांच्या घरून तिला भाकरी यायची. कचेरीत आता कुणी येईना. डाक्तर पेठेतल्या आजाऱ्यांकडं गेला. मियां मात्र रोज वेळेवर येऊन, गळ्यापर्यंत गुंड्या लावून बसायचे.

एका दुपारी नाक्याचा जमादार आला आणि मियांना बाजूला घेऊन बोलला. मी जवळच होतो. पलीकडच्या काठावर सोजरबाईचा जावई येऊन ओरडून सांगून गेला होता. पारू अडली, आणि गेली. मूलही गेलं. धरायला कुणी नव्हतं. सासूला सांगा, म्हणाला.

मियांनी ऐकून घेतलं. जमादार गेला. सोजरबाई लिंबाखाली घोंगड्याच्या कडेची सुटलेली लोकर वळत बसली होती. ते उठून तिच्याकडं निघाले, अर्ध्या वाटेवर थांबले आणि परत येऊन बसले. मला म्हणाले, "तुमी सांगा, पंत." मी म्हणालो, माझ्याच्यानं व्हायचं नाही. त्या दिवशी कुणीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आमच्या आळीत उंदीर पडले तेव्हा मीही बिऱ्हाड हलवलं. बायकोमुलांना घेऊन कपिलधारच्या बाजूला मेव्हण्याकडं जायचं ठरलं. गाडी भरली आणि निरोप घ्यायला मी सराईत गेलो. दस्तगीरमियांना मी त्यानंतर पाहिलं नाही. ताप ओसरल्यावर परत आलो तेव्हा सराईला कुलूप होतं आणि त्यांच्याबद्दल नीट सांगणारं कुणी भेटलं नाही.

त्या सकाळी ते जागेवर होते. दाढीची मेंदी उतरून पांढरं दिसायला लागलं होतं. तेवढ्यात सोजरबाई ओट्यापाशी आली. हल्ली ती रोज सकाळी यायची आणि एकच विचारायची.

"मुन्शीजी, आज वार कोंचा?"

तो शनिवार होता. मला पक्कं ठाऊक होतं, गाडीवाला शनिवार म्हणून निघायला कुरकुरत होता.

"मंगळवार," मियां म्हणाले.

"मंग उद्या माजी बारी."

"व्हय. उद्या. न्याहारीची."

ती समाधानानं मान हलवून लिंबाखाली गेली आणि बोचकं सोडून त्यातलं घोंगडं उन्हात पसरून झटकायला लागली. मियांनी माझ्याकडं बघितलं नाही. लेखणी दौतीत बुडवली आणि समोरच्या कोऱ्या परवान्यावर तिचं नाव लिहायला घेतलं.